चर्च वाचवायचं, पण कोणापासून?

माझी बायको होती तेव्हा आम्ही दोघं मिळून एकदाही चर्चमध्ये गेलो नव्हतो. जायचं काही कारणच नव्हतं. आमचं घर रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात आणि ते छोटं कौलारू चर्च बुढातलावाकडे उतरणाऱ्या एका आडगल्लीत. रोज त्याच्या समोरून जाणं व्हायचं, पण पोस्टाच्या पेटीसमोरून जावं तसं. तिच्या आजारपणात मात्र तिनेच मला तिथे पाठवलं. ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इस्पितळात होती. दुपारी तिला सलाईन लावलं की मी खुर्ची ओढून तिच्याकडे बघत बसायचो, आणि तिला ते मुळीच चालायचं नाही.

"जा हो तुम्ही," ती एक दिवस म्हणाली. "त्या चर्चमध्ये जाऊन बसा, वाचा काहीतरी. माझ्याकडे असं पाहू नका, जसं काही मी वाळवी लागलेलं पुस्तक आहे."

मी जन्मभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलेला माणूस. माझी ती नजर तिला चांगली ओळखीची होती. मी निमूटपणे गेलो. खिडकीजवळच्या बाकावर, लांब दांडीच्या पंख्याखाली बसलो. जाड भिंती, वर सागाच्या तुळया, तुळयांवर कवेलू, म्हणजे कौलं. बाहेर रायपूरचं ऊन आणि आत माठातल्यासारखा गारवा. कोणी येऊन विचारलं नाही की तुम्ही कोण, इथे कसे. चहाच्या वेळेला परत गेलो की ती विचारायची, आज काय वाचलं? मी काहीतरी सांगायचो. ती डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "थापा."

दिवाळीच्या आधी ती गेली. त्यानंतरही मी दुपारी तिथे जात राहिलो. घरी लोक यायचे. चांगले लोक, मायेचे लोक, पण प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून ऐकायचं असे. कधी कळलं, कोणत्या डॉक्टरला दाखवलं, नागपूरला का नेलं नाही. मी ते कोणालाच सांगू शकलो नाही. चर्चमध्ये कोणी विचारत नसे. साऱ्या शहरात दुःखाला बसायला मिळालेली माझी तेवढी एकच जागा होती.

माझी मोठी बहीण बुढापाऱ्यात राहते. ताई रोज डबा घेऊन येते आणि डब्याबरोबर गावभरच्या शंका.

"बाबू, लोक मले विचारून राहिले, तुमचा भाऊ दुपारचा कुठी जातो म्हणून."

"मग तू काय सांगितलं?"

"म्हटलं, हवा खायले जाते. चर्चातली हवा चांगली असते म्हणतात." ती भाजी वाढता वाढता थांबली. "पण काहून रे? आपल्या राममंदिरात हवा नाही का?"

"तिथे ओळखीचे लोक भेटतात."

ताईने यावर जरा विचार केला. "हे मात्र खरं आहे," ती म्हणाली आणि मला आणखी एक पोळी वाढली.

उन्हाळा सुरू होत होता. एका दुपारी तिथले पाद्री माझ्या बाकाशी आले. तिशीतला हसतमुख माणूस, बुलेटवरून येतो, हेल्मेट वेदीजवळच्या कोनाड्यात ठेवतो. तोवर आमचं बोलणं नमस्कारापुरतंच होतं. म्हणाले, "अंकल, ईस्टर के बाद हमारी सभा है। उसके बाद ये पुराना भवन टूटेगा, नया बनेगा। पक्का। एसी भी लगेगा। आपको भी आराम रहेगा।"

माझ्या आरामाचा विचार त्यांनी आपल्या योजनेत धरला होता. अशा माणसावर रागावणार तरी कसं? मी "अच्छा" म्हणालो. मग उगाच "बहुत अच्छा" असंही म्हणालो आणि घरी आलो.

त्या संध्याकाळी डबा होता तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी ताईने तो उघडून पाहिला, झाकला, आणि समोर बसली. तिच्यासमोर गप्प राहणं मला लहानपणापासून जमलेलं नाही. मी सांगितलं की चर्च पाडणार आहेत. ती जागा गेली तर दुपारी मी कुठे जाऊ ते मला कळत नाही, हेही सांगितलं.

ताईने डबा बाजूला सारला. मग तिने पदर खोचला. काही वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना तिच्या घराचा ओटा गेला होता, आणि तेव्हापासून तिचं ठाम मत आहे की रायपुरात जे काही पडतं ते रस्त्यासाठीच पडतं.

"माझा ओटा खाल्ला, आता चर्च खाऊन राहिले," ती म्हणाली. "थांब तू."

"ताई, तसं नाही, ते त्यांचेच..."

पण तोवर तिने फोन लावला होता.

फोन अध्यक्षांना होता. आमच्या पाऱ्यात गणपती बसवणारी जी समिती आहे तिचे ते अध्यक्ष. ते वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्या कोणाला त्या खुर्चीवर बसायची संधी मिळालेली नाही. माणूस मनाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा. त्या रविवारी समितीच्या खोलीत सभा बोलावली गेली. आमच्या लोकांना काहीही वाचवायचं असो, उभारायचं असो की बुडवायचं असो, करायची रीत एकच. आधी अध्यक्ष निवडायचा, मग उपाध्यक्ष, मग जे रागावतील त्यांच्यासाठी आणखी एक उपाध्यक्ष. दीपप्रज्वलन झालं. स्वागताध्यक्ष कोण, यावर बराच वेळ गेला. चर्च बचाव समितीला स्वागताध्यक्ष कशाला, असं एका बाईंनी विचारलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, पद रिकामं ठेवलं की माणसं रिकामी फिरतात."

मला अर्थात सचिव केलं. ज्याला शुद्ध लिहिता येतं तो आमच्याकडे मरेपर्यंत सचिव.

मी उभा राहून सांगू लागलो की मला वाटतं, हे पाडण्याचं तिथल्या मंडळींनीच... आणि त्याच क्षणी पोहे आले. वर तर्री होती. त्यानंतर कोणी कोणाचं ऐकण्याच्या परिस्थितीत राहिलं नाही. एका गटाचं म्हणणं पडलं की तर्री पातळ आहे. सभा संपली तेव्हा ठरलं होतं ते एवढंच: पुढच्या रविवारी सकाळी चर्चच्या फाटकासमोर निदर्शनं, आणि एक बॅनर.

सगळ्या खोलीत त्या चर्चचं माणूस एकही नव्हतं. ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही आली नाही, हे कबूल करायला हवं. मी पोहे खात होतो.

तर रविवारी आम्ही जमलो. बायका बऱ्याच होत्या, कारण ताईने घरोघरी जाऊन सांगितलं होतं. बॅनरवर एका बाजूला चर्चचा छोटा फोटो आणि दुसऱ्या बाजूला हात जोडलेल्या अध्यक्षांचा मोठा फोटो होता. लांबून पाहिलं तर चर्च अध्यक्षांच्या खिशात ठेवल्यासारखं दिसत होतं. आतली प्रार्थना संपत आली होती, शेवटचं गाणं चालू होतं. ते संपेपर्यंत थांबण्याचा शहाणपणा अध्यक्षांनी दाखवला. लोक बाहेर पडू लागले तसा त्यांनी हात वर केला.

"चर्च को..."

"बचाओ!" ताईचा आवाज सर्वांत वर.

बाहेर येणारे लोक पायरीवरच थबकले. आजकाल फाटकाबाहेर गर्दी दिसली की माणूस आधी घाबरतो. एकाने लेकराला कडेवर घेतलं. ते ताईच्याही लक्षात आलं असावं, कारण ती एकदम हसून, दोन्ही हात जोडून म्हणाली, "घबराओ मत भाई, हम तुम्हारेच तरफ के हैं!"

गर्दीतून एक म्हातारी बाई पुढे आली. पांढरी साडी, चष्मा, पायात काळे बूट. पुढे कळलं की ती निवृत्त नर्स होती आणि तिला सगळे सिस्टर म्हणत. तिने बॅनर डावीकडून उजवीकडे सावकाश वाचला, नंतर अध्यक्षांकडे पाहिलं, परत बॅनरकडे पाहिलं.

"किससे बचाओगे?" तिने विचारलं.

"जो तोड़ रहा है उससे!" अध्यक्ष म्हणाले.

"हव," सिस्टर मान डोलावून म्हणाली. "तोड़ तो हम रहे हैं।"

मागे कोणीतरी बॅनरचं एक टोक सोडलं आणि अध्यक्षांचा फोटो मधोमध दुमडला.

"और ये भैया कौन हैं फोटो में?" सिस्टरने विचारलं. "हमारे मेंबर तो नहीं हैं।"

अध्यक्षांनी बॅनर गुंडाळायला घेतला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, स्वतःचा फोटो गुंडाळताना पहिल्यांदाच पाहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत "तुले तोंड नव्हतं का रे?" हा सगळा प्रश्न होता. मी पोह्यांबद्दल सांगणार होतो, पण ती वेळ नव्हती.

पाद्रीसाहेब मात्र हसायला लागले आणि त्यांनी आम्हाला आत बोलावलं. आम्ही चपला काढून आत गेलो, मग पाहिलं तर त्यांचे लोक बूट घालूनच होते, म्हणून काहीजणांनी परत जाऊन घातल्या. सिस्टरने आम्हाला बसवलं. सहज नव्हे, नेमून. अध्यक्षांना पुढे, ताईला मधे, दोन्ही उपाध्यक्षांना भिंतीकडे.

"ऊपर देखो," ती म्हणाली.

आम्ही वर पाहिलं. मी इतके महिने तिथे बसत होतो, पण वर नीट पाहिलं नव्हतं. कवेलू सरकले होते, फुटले होते, मधून आभाळाचे तुकडे दिसत होते. तुळयांवर ओलीचे काळे ओघळ होते.

"जहाँ जहाँ बैठे हो, वहाँ वहाँ टपकता है," सिस्टर म्हणाली. "बरसात में हम छाता लगाकर प्रार्थना करते हैं। पिछले साल मेरी सहेली फिसली, कूल्हा टूट गया, अब खाट पर है। आप लोगों को बाहर से सुंदर दिखता है। हम अंदर भीगते हैं।"

सौंदर्य, इतिहास, वारसा हे सगळे शब्द मी भाषणात लिहून दिले होते. ते अध्यक्षांच्या खिशातच राहिले, आणि बरंच झालं.

शेवटी ताई बोलली. तिचं हिंदी म्हणजे मराठीलाच हिंदी टोपी घातलेली. "सिस्टर, ये कवेलू आखरी बार कब फेरे थे?"

कवेलू फेरणं म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. आमच्या लहानपणी पावसाच्या आधी प्रत्येक घराचे कवेलू उतरवत, झाडून पुसून, फुटके बाजूला काढून, पुन्हा ओळीने बसवत. मांजरं आणि माकडं वर्षभर ते सरकवत, म्हणून वर्षाला एकदा ते करावंच लागे. पुढे घराघरावर स्लॅब पडला आणि ती रीतच बुडाली. चर्चवर स्लॅब पडला नाही, पण रीत बुडाली ती बुडालीच.

सिस्टरने आठवून पाहिलं. तिच्या नवऱ्याच्या वेळेस फेरत असत, म्हणाली. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

"मंग छत खराब नाही झालं," ताई म्हणाली. "छताची देखभाल मेली."

हे मराठीतच म्हटलं, पण सिस्टरला कळलं. ती ताईकडे बघत राहिली. दोघी साधारण एकाच वयाच्या, एकाच चणीच्या, आणि माझा अंदाज आहे, घरच्यांना सारखाच धाक असलेल्या. मग सिस्टर म्हणाली की तिला काही स्लॅबचं कौतुक नाही, एसीने तर तिचे गुडघे धरतात. सभेत जुनी मंडळी तिच्याच हाताकडे बघून हात वर करतात. सभेच्या आधी छत गळायचं थांबलं तर तिचा हात आमच्या बाजूने. नाही थांबलं, तर आम्ही बॅनर घेऊन तलावाकडे जावं.

पाद्रीसाहेब म्हणाले, छत फेरणारे कारागीर गावाकडून बोलावता येतील, पण एवढे कवेलू आता कुठे मिळणार? भट्ट्या कधीच्या बंद पडल्या.

तेव्हा आमच्या लोकांचा जो सर्वांत मोठा दुर्गुण, तो कामी आला. आमच्या घरांतून काहीही टाकलं जात नाही. जुन्या घरांवर स्लॅब पडले तेव्हा उतरवलेले कवेलू "लागतील कधीतरी" म्हणून प्रत्येकाने रचून ठेवले होते. कोणाच्या परसात, कोणाच्या गच्चीवर टाकीखाली, एका घरी तर न्हाणीघरात, त्यावर पाट टाकून लोक अंघोळ करत होते. ज्यांच्या घरचे पोट्टे-पोट्ट्या आता मराठीत विचारलं तरी हिंदीतून उत्तर देतात, त्यांच्या घरीसुद्धा कवेलू मात्र जपून ठेवलेले.

ताई घरोघरी फिरली. सामान येऊ लागलं, ई-रिक्षातून, हातगाडीवर, स्कूटरच्या पायाशी ठेवून. त्यात अर्धेअधिक निघाले देशी, नळीचे. चर्चवर लागतात चपटे, खाचेचे, ज्यांना आमच्याकडे इंग्रजी कवेलू म्हणतात. देशी कवेलू तिथे बसेनात. लोक रागावले. एका गृहस्थांनी विचारलं, "काहून? आमच्या आजोबांचे कवेलू चालत नाही का तुमच्या चर्चाले?" त्यांची समजूत घालून ते कवेलू परत नेववणं, हे आणून घेण्यापेक्षा अवघड गेलं. शेवटी सिस्टरने त्यांच्या कवेलूंची आवारातल्या फुलझाडांच्या वाफ्यांना कड लावून घेतली, आणि ते गृहस्थ आजही येणाऱ्याजाणाऱ्याला ती कड दाखवतात.

अध्यक्षांनी त्यागावर भाषण केलं, पण स्वतःच्या गच्चीवरचे कवेलू देण्याचं नाव काढीनात. ते भाषण करत होते तेवढ्या वेळात त्यांच्या बायकोने ते पाठवून दिले.

तरी कमी पडत होते. पाद्रीसाहेबांनी आवारात सगळे मांडून पाहिले, पूर्वेकडची एक पट्टी उघडी राहत होती. नेमकी सिस्टरच्या बाकावरची.

इंग्रजी कवेलूंची एक मोठी रास तात्यापाऱ्यात होती, आणि ती कुठे आहे ते ताईला माहीत होतं. माझ्या घरामागे. आमच्या घरावर स्लॅब टाकला तेव्हा बायकोने उन्हात उभं राहून ते भिंतीला लावून रचून घेतले होते. मी म्हणालो होतो, "घर डोक्यावर घ्यायची लोकांना सवय असते, तू मागे लावून ठेवलंस." ती म्हणाली होती, "इंग्रजी आहेत. लागतील." पुढे त्या राशीवर तिचे पापड वाळले, कुरडया वाळल्या, कुंड्या बसल्या. ती गेल्यावर मी तिथलं काहीही हलवू दिलं नव्हतं. एक तळ गेलेली बादलीसुद्धा होती तशी होती.

ताई परसात गेली, परत आली. माझ्यासमोर बसली. "बाबू, मी मागून नाही राहिली," ती म्हणाली. ती असं म्हणते तेव्हा मागत असते.

"राहू दे ताई."

"राहू दे तर राहू दे." तिने डबा बांधला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दुसरं काही न बोलता गेली.

मी काही दिवस चर्चकडे फिरकलो नाही. परसाच्या दारात खुर्ची टाकून बसायचो. एकीकडे वाटायचं, एवढी एक गोष्ट तरी तिने ठेवली तशी राहो. दुसरीकडे दिसत होतं की हे राहिलं तर ते पडणार, आणि मग मी उरलेल्या दुपारी कवेलूंकडे बघत काढणार. तिला काय वाटलं असतं याचा विचार करायला फार वेळ लागला नाही. ती "लागतील" म्हणाली होती. तिने ते लागण्यासाठी ठेवले होते, ठेवण्यासाठी नव्हे. ठेवून बसलो होतो तो मी, आणि कसा, हे तिने पाहिलं असतं तर वाळवीचं पुस्तक कोण, ते मला ऐकावं लागलं असतं.

मीच ई-रिक्षा बोलावली. रास उतरवताना मागच्या फटीत एक झारा सापडला. तो मी हरवला असा तिचा आरोप होता आणि शेवटपर्यंत तिने तो मागे घेतला नव्हता. मी झारा घासून ओट्यावर ठेवला. कवेलू रिक्षात बसले. उरलेल्या जागेत मी बसलो.

कवेलू फेरण्याचं काम बरेच दिवस चाललं. गावाकडून आलेले कारागीर वर, आणि खाली कवेलू हातोहात देणाऱ्यांची रांग. त्यात चर्चच्या गाणाऱ्या चमूतले तरुण, आमच्या गणपतीचे कार्यकर्ते, मधेच उपाध्यक्ष. बादल्यांत कवेलू धुवायला बायका. ताई आणि सिस्टर आवारातल्या कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून दोन बाजूंनी हुकूम सोडत, आणि ते हुकूम बहुधा एकमेकांच्या उलट असत. जेवायला सिस्टरकडून फरा आणि टमाट्याची चटणी यायची, ताईकडून झुणका-भाकर. पहिल्या दिवशी दोघी आपापलंच वाढत होत्या. नंतर ताईने तांदळाच्या त्या वाफवलेल्या वळकट्यांची चव घेतली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मऊ झाल्या आहेत रे. पण तिले सांगू नको."

एकदा मी बादलीशी बसलो असता सिस्टर माझ्याजवळ थांबली.

"आप वही हैं ना, खिड़की वाले? जो किताब लेकर बैठते हैं?"

मी हो म्हणालो.

"पन्ना पलटते तो कभी देखा नहीं," ती म्हणाली आणि पुढे गेली.

सभेच्या आदल्या दिवशी परीक्षा झाली. पाण्याचा टँकर आला, आणि त्याचा पाइप छतावर सोडायचा ठरला. सिस्टर आत जाऊन तिच्या बाकावर बसली. मांडीवर गाण्यांचं पुस्तक उघडून ठेवलं. एक थेंब त्यावर पडला तरी काय होईल ते सगळ्यांना माहीत होतं. आम्ही दोन्हीकडचे लोक जिथे जागा मिळाली तिथे बसलो. अध्यक्ष पहिल्या रांगेत.

वर पाणी पडायला लागलं. आवाज असा की छत चालायला लागलंय असं वाटावं. सगळ्यांच्या माना वर. ताईचे ओठ हलत होते. ती रामाला म्हणत होती की येशूला, मी विचारलं नाही. आम्ही कोपरे पाहिले, तुळया पाहिल्या, पूर्वेकडची पट्टी पाहिली. कोरडं. पाणी चालूच. कोरडं.

मग मला दिसलं की अध्यक्षांच्या टकलावर काहीतरी चकाकलं. त्यांनी वर पाहिलं नाही. खिशातून रुमाल काढला, शांतपणे डोकं पुसलं, आणि मान ताठ करून बसून राहिले. थोड्या वेळाने पुन्हा चकाकलं, पुन्हा पुसलं. ते जागचे हलले असते तर थेंब जमिनीवर पडला असता आणि सगळ्यांना दिसला असता. ज्या माणसाने आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोरून बाजूला पाऊल टाकलं नव्हतं, तो माणूस गुन्हेगारासारखा थेंब डोक्यावर झेलत लपवत होता.

टँकर थांबला. सिस्टरने पुस्तक मिटलं, उठली, पुढच्या रांगेपाशी गेली.

"अध्यक्ष जी, पसीना बहुत आ रहा है?"

"गर्मी है, सिस्टर।"

"हव, गर्मी तो है।" तिने वर पाहिलं, त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. "एक बूँद चलेगी। पहले तो मैं तैरती थी।"

दुसऱ्या दिवशीची सभा त्यांची होती, आम्हाला आत जाता येत नव्हतं. आम्ही आवारात बसलो. खिडक्या उघड्या होत्या, आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. तरुण मंडळी एसीसाठी भांडत असावीत. त्यांचंही काही चूक नव्हतं. कोणीतरी मोठ्याने बोललं, कोणीतरी त्याहून मोठ्याने. ताईने माझा हात धरला. तिने असा हात धरल्याला इस्पितळानंतर बरेच महिने झाले होते. मी पहिल्यांदाच स्पष्ट स्वतःला विचारलं, आता नाही म्हणाले तर?

दार उघडलं, पाद्रीसाहेब बाहेर आले, आणि आधी माठापाशी जाऊन पाणी प्यायले. ताई दातओठ खात होती. मग ते म्हणाले की चर्च राहील. नवी खोली मागच्या रिकाम्या जागेत बांधू, एसी तिथे लावू. सगळ्यांचे हात वर आले नाहीत, पण पुरेसे आले. आणि एक अट सिस्टरने घातली आहे: दरवर्षी पावसाआधी कवेलू फेरायचे, आणि त्या कामाला आमच्या समितीने यायचं.

"हे काय सांगणं झालं?" अध्यक्ष गरजले. "आमचे सचिव बघतील सगळं!"

दुसऱ्या दुपारी मी माझ्या बाकावर जाऊन बसलो. आता शांततेत वाचता येईल असं मनात होतं, पण ते व्हायचं नव्हतं. थोड्याच वेळात अध्यक्ष "काम कसं झालं ते बघायला" आले, आणि गारव्याला मागच्या बाकावर आडवे झाले. ताई लसूण सोलायला घेऊन आली होती; सिस्टरने तिला तो पिशवीत परत घालायला लावला. मग सिस्टर माझ्या शेजारी येऊन बसली. बूट सारखे करून, हात मांडीवर ठेवून.

"भैया," ती म्हणाली, "भाभी को क्या हुआ था?"

मी पुस्तक बाजूला ठेवलं. ती घाईत नव्हती. मी पहिल्यापासून सांगायला लागलो. कधी कळलं, कोणत्या डॉक्टरला दाखवलं, नागपूरला का नेलं नाही. पुढच्या बाकावर ताई माझ्याकडे पाठ करून बसली होती आणि अजिबात हलत नव्हती. मागे अध्यक्ष घोरायला लागले, तेव्हा मला आवाज थोडा वाढवावा लागला.